कुरव उडाले तेव्हा

सायकलची चेन उतरली नसती तर अभिमनने तलावाकडे पाहिलंही नसतं. ऑफिस सुटल्यावर मेहरूणच्या काठाने घरी जायचा त्याचा रस्ता अकरा वर्षांचा जुना, आणि या अकरा वर्षांत पाण्याच्या बाजूला त्याची मान वळली असेल ती समोरून येणाऱ्या ट्रकला वाट देण्यापुरती. संध्याकाळी जळगावातले लोक तिथे हवा खायला येत, पोरं बोरं पाडायला येत. अभिमन मात्र मान खाली घालून पॅडल मारत निघून जाई. पाणी बघायचा आपल्याला शौक नाही, असं तो बायकोला सांगे, आणि पाटबंधारे खात्यात कारकुनी करणाऱ्या माणसाने असं बोलावं याचं कुंदाला हसू येई. त्या दिवशी माघातलं कोरडं वारं सुटलं होतं, धुळीने डोळे चुरचुरत होते. त्याने खाली बसून बोटं काळी केली, चेन बसवली, उठला आणि समोर पाहिलं. पाण्यावर पन्नास-साठ पांढरे पक्षी बसले होते. बगळे नव्हते. बगळा काठाला उभा राहतो, असा मधोमध तरंगत नाही. हे सगळे वाऱ्याकडे तोंड करून बसले होते आणि लाटेबरोबर वरखाली होत होते. शेजारी एक गृहस्थ दुर्बीण लावून उभे होते, कुठल्याशा कॉलेजातले मास्तर असावेत. न विचारताच ते म्हणाले, "कुरव आहेत. समुद्रावरचे. एखाद्या वर्षी थवा तापी धरून इतका वर येतो." अभिमनने विचारलं, "कुठून?" मास्तर म्हणाले, "सुरतेकडून. दुसरीकडून कुठून येणार?" तेवढ्यात काय झालं कोण जाणे, ते सगळे पक्षी एकदम उठले. एकामागून एक नाही, एकदम. अभिमनच्या हातातून सायकल सुटली आणि तो बांधाच्या दगडावर मटकन बसला. चक्कर आली का, असं मास्तर विचारत होते. त्याने मान हलवली. पाय पळायला निघाले होते आणि त्याने ते दोन्ही हातांनी गुडघ्यांवर दाबून धरले होते.

नानांचं पत्र त्याच दुपारी ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं होतं आणि शर्टाच्या खिशात होतं. तोतारामनाना म्हणजे त्यांच्या भाऊबंदातले वडीलधारे, कुणाच्या घरात काय व्हावं हे ठरवण्याचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलेलं. नानांचं अक्षर ठसठशीत. चि. रुपचंद यास नाहीसे होऊन या माघात बारा वर्षे पुरी होतात. सुनंदाचे लग्न वैशाखात धरले आहे, मुलाकडचे विचारतात की मुलीचा बाप आहे का नाही ते एकदा सांगा. सबब अमावास्येला पळसविधी उरकून घ्यावा असे सर्वांचे मत पडले. पुष्पा ऐकत नाही. ती म्हणते, अभिमनभाऊंनी सांगितले तरच मानीन. तरी तू धुळ्यास जाऊन तिची समजूत घालणे. अग्नी अर्थातच तू द्यावयाचा. माणूस बारा वर्षं सापडला नाही की पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला भडाग्नी द्यायचा, आणि मग घरातल्या बाईने बांगड्या फोडायच्या. अभिमनने लहानपणी एकदा हा विधी पाहिला होता. पानं ओली होती, पेटायला वेळ लागला, आणि जमलेले लोक वैतागून घड्याळ बघत होते. पत्रातल्या एका शब्दाशी त्याचं भांडण नव्हतं. रुपचंद, त्याचा थोरला भाऊ, मेला होता. हे नानांना अंदाजाने कळलं होतं, पंचांगावरून कळलं होतं. अभिमनला ते बारा वर्षं माहीत होतं, कारण रुपचंद मेला तेव्हा तो तिथे होता. ते त्याने पुष्पावहिनीला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. आता सांगायचं की पानांच्या माणसाला गुपचूप काडी लावून मोकळं व्हायचं, एवढंच उरलं होतं.

रविवारी सकाळी तो धुळ्याची एसटी धरून बसला. खिडकीची काच नव्हती आणि वारं सरळ तोंडावर येत होतं, पण जागा बदलायचा त्याला कंटाळा आला. एरंडोल गेलं, पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबली, लोक चहाला उतरले, तो उतरला नाही. त्या वेळीही असंच वारं होतं. तो पंचवीसचा, दादा एकतीसचा. शेती कोरडवाहू, त्यात दोघांचं भागणार नाही म्हणून दादाने सुरतेला लूमवर काम बघायचं ठरवलं होतं आणि सोबतीला धाकट्याला घेतलं होतं. वनामामांच्या खोलीत ते उतरले. काम सोमवारी बघू म्हणाले मामा, आज रविवार आहे, जा, समुद्र पाहून या. डुमसला जाणाऱ्या बसमध्ये दादा पोरासारखा हसत होता. "गाव बठ्ठं इचारी, समुद्र दखा का. मंग काय सांगसूत?" म्हणत होता. त्यांचं गाव तापीच्या काठावर. भर पुरात दादा ओंडके धरायला उडी घ्यायचा आणि पैल तीरावर निघायचा, पंचक्रोशीत त्याचं नाव होतं. पाण्याला भिणारा माणूस तो नव्हताच. समुद्र दिसला तेव्हा दोघेही थोडे हिरमुसले. काळी वाळू, पुढे काळा गाळ, आणि पाणी इतकं लांब की नुसती एक रेघ. त्या रेघेच्या अलीकडे पांढरा पट्टा पसरलेला. आधी वाटलं मीठ असेल, मग तो पट्टा हलला. पक्षी होते, हजारांनी.

दादाने वाळूतली एक काठी उचलली, गाळातून आलेला पाण्याचा पातळ ओघळ जिथे संपत होता तिथे नेऊन रोवली आणि उकिडवा बसून विडी ओढत राहिला. हे तो का करतोय हे अभिमनला विचारावं लागलं नाही. गावात पूर आला की म्हातारी माणसं हेच करत. पाण्याच्या कडेला काठी रोवून ठेवायची, घटकाभराने बघायचं. काठी पाण्यात गेली तर गोठे सोडायचे, कोरडी राहिली तर घरी जाऊन झोपायचं. एकदा उतरलेलं पाणी पुढच्या पावसाशिवाय परत चढत नाही, हे त्यांच्या गावात तान्ह्या पोरालाही कळत होतं. विडी संपली तेव्हा काठी कोरडी पडली होती आणि पाणी तिच्यापासून वीस पावलं मागे गेलं होतं. "दख, पानी उतरी ऱ्हायनं. आते काय भ्याव नही. ती पाखरं जवळथीन दखूत, चाल," दादा म्हणाला. आणि दोघे तापीकाठचे शहाणे भाऊ, चपला हातात घेऊन, समुद्राच्या पोटात चालायला लागले. त्यांना थांबवायला तिथे कुणी नव्हतं असं नाही. मागे एक भेळवाला होता, त्याने हात हलवून गुजरातीत काहीतरी ओरडून सांगितलं. भेळ घ्या म्हणतोय, असं समजून दादाने त्याला हात हलवून दाखवला.

अर्धा मैल तरी गेले असतील. वारं समोरून, समुद्राकडून. पक्षी आता नीट दिसत होते, लाल चोची, राखी पाठ, आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून, वाऱ्याने पिसं उलटू नयेत म्हणून. त्यांचा कालवा कानात भरला होता. दादा पुढे, अभिमन शंभर-दीडशे पावलं मागे, कारण गाळात त्याचा पाय पोटरीपर्यंत जात होता आणि त्याला ते किळसवाणं वाटत होतं. तो पाय उपसायला थांबला आणि सहज मागे वळून पाहिलं. मागे, त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये, एक चकचकीत पट्टा आला होता. पाणी समोरून यायला हवं होतं. ते बाजूच्या खाडीतून मागून शिरलं होतं, आवाज न करता, फेस न करता. अभिमन ते बघत असतानाच पक्षी उठले. सगळे एकदम. आभाळ पांढरं झालं आणि त्यांची सावली गाळावरून सरकत त्याच्या अंगावरून गेली, आणि त्या क्षणी त्याला सगळं कळलं. त्याला कळलं आणि दादाला कळलं नव्हतं. दादा मान वर करून उडालेले पक्षी बघत होता, दोन्ही हात कमरेवर ठेवून, खुशीत. हाक मारायला एक श्वास लागला असता. अभिमनने तो श्वास पळायला वापरला.

पुढे त्याने स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. वारं समोरून होतं, हाक मारली असती तरी ती मागेच उडून गेली असती. हे खरंच होतं. पण त्याच वाऱ्याने दादाची हाक त्याच्यापर्यंत आणून पोचवली, एकदा, दोनदा, मग पुष्कळ वेळा. "अभ्या." बस, एवढंच. मदतीची हाक नव्हती ती, भावाला शोधणारी होती. दादाला वाटलं असेल धाकटा बुडतोय. कमरेएवढं पाणी तुडवून, एकदा तोंडाशी आलेलं खारट पाणी गिळून अभिमन वाळूवर आला, आणि मग तो वळला, पण पाण्याकडे नाही बघितलं. वर बघितलं. वाऱ्यावर पक्षी एका जागी टांगल्यासारखे थांबले होते, पंख न हलवता, नुसते तोल सावरत. एखादा कलायचा, घसरायचा, परत आपल्या जागी यायचा. ते बघत तो उभा राहिला. किती वेळ ते त्याला कधीच सांगता आलं नसतं. जोवर पक्षी दिसत होते तोवर खाली बघायची गरज नव्हती. मान दुखायला लागली तेव्हा हाका थांबल्या होत्या, ती काठी पाण्याखाली गेली होती, आणि भेळवाला, वाळू, सगळं मागे हटत हटत पार रस्त्यापाशी आलं होतं. त्याच्या हातात त्याच्या स्वतःच्या चपला होत्या. पळताना त्या त्याने टाकल्या नव्हत्या, याची लाज त्याला बाकी सगळ्याहून जास्त वाटली आणि अजून वाटते.

मामांच्या दारात पोचेपर्यंत अंगावरचे कपडे वाऱ्याने वाळले होते. मामांनी विचारलं, रुपचंद कुठे? तो म्हणाला, परत येताना उधन्याच्या स्टेशनवर गर्दीत चुकामूक झाली. हे वाक्य आधी ठरवलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं, आणि मामा म्हणाले, येईल मग, लहान आहे का तो. इतकं सोपं होतं ते. उद्या सकाळी खरं सांगू, असं ठरवून तो झोपला आणि सकाळी मामा चार माणसं घेऊन स्टेशनवर शोधायला निघाले होते. आता खरं सांगायचं म्हणजे काल का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. असं ते वाढत गेलं. लूमच्या गल्ल्या शोधून झाल्या. फोटो चिकटवून झाले. समुद्रावर कुणी चौकशीला गेलं नाही, कारण तिथे कुणी हरवलंच नव्हतं, आणि लाटांनी काही बाहेर टाकलं असेल तर ते कुणाचं हे सांगणारा एकटा माणूस गावी परत येऊन पुष्पावहिनीपुढे उभा राहून मायची शपथ घेत होता. वहिनी तेव्हा तेवीसची, सुनंदा सहाची. वहिनी रडली नाही. गर्दीत चुकलेला माणूस सापडतो, असं तिने सरळ धरलं. मग दर वर्षाला काहीतरी कानावर यायचं. साक्रीकडचा कुणी ड्रायव्हर म्हणाला, उधन्याला लॉरी भरताना पाहिला. कुणी म्हणालं, तिकडे दुसरं घर केलंय. वहिनी ते ऐकून दुखावली जायची आणि सुखावलीही जायची, कारण दुसरं घर करायला माणूस जिवंत लागतो. दोनदा ती एकटी सुरतेला जाऊन आली. धुळ्याला देवपुरात खोली घेऊन शिवणकाम करू लागली, कारण धुळं गावापेक्षा रस्त्यावर आहे आणि येणाऱ्याला पत्ता सापडतो. अभिमन दर दिवाळीला जायचा. दर दिवाळीला सांगायचं ठरवून जायचा आणि लाडू खाऊन परत यायचा.

देवपुरातल्या खोलीत मशीन दाराशीच होती, उजेडासाठी. पुष्पावहिनीने चष्मा काढला, पदर सारखा केला. "बठा भाऊ, पानी लयस." सुनंदा मैत्रिणीकडे गेली होती. वहिनीच्या कपाळावर कुंकू रुपयाएवढं, हातात हिरव्या बांगड्या, बारा वर्षं एक फुटली की लगेच दुसरी भरलेली. अभिमनने पाणी प्यायलं आणि भांडं खाली ठेवलं.

"नानानं पत्तर उनं व्हई तुमले," वहिनी म्हणाली.

"उनं. पन मी त्यानासाठे नही उनू, वहिनी. माले काहीतरी सांगनं शे. दादा हरावना नही. दादा बुडना. मना डोयादेखत."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. एकदा सुरुवात झाल्यावर ते सुरळीत सांगता आलं याचं त्याला नवल वाटलं. काठी सांगितली, भेळवाला सांगितला, मागून आलेलं पाणी सांगितलं. हाका सांगितल्या, त्या किती होत्या तेही सांगितलं. आपण वर बघत उभे होतो, तेही सांगितलं. इतक्या वर्षांत त्याने या घटकेची पुष्कळ चित्रं रंगवली होती. वहिनी ओरडेल, तोंडावर थुंकेल, दार लावून घेईल. कात्री तिच्या हाताशीच होती, तीही त्याने मनात जमेला धरली. यातलं काहीही झालं असतं तरी त्याला ते हवं होतं. बाहेर वाऱ्याने वाळत घातलेलं परकर-पोलकं दोरीवर फडफडत होतं. वहिनीने उठून ते आत घेतलं, घडी घातली, आणि मग ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"नानानी शिकाडं का हाई तुमले?"

"नही वहिनी. कोनी नही शिकाडं. हाई खरं शे."

"भाऊ," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, पण माया होती, "तुमले खोटं बोलता येत नही. कव्हयच येत नव्हतं. तवय तुम्ही मनापुढे उभा ऱ्हायनात, मायनी शपथ ली, सांगं का गर्दीमा चुकामूक व्हयनी. तुमनं तोंड दखीसनच माले समजनं, हाऊ मानूस खरं बोली ऱ्हायना. तो एक शब्द धरीसन मी बारा वरीस काढात. बाकी बठ्ठा लोके काय काय बोलनात, मी कोनं आयकं नही."

"तवयच मी खोटं बोलनू, वहिनी."

"आनि आज खरं? आज, सुनंदानं लगीन तोंडवर उनं तवय?" ती जराशी हसली. "तुम्ही तिनासाठे एवढं पाप आपला आंगवर ली ऱ्हायनात. सख्खा भाऊले बुडताना सोडी दिधं म्हनतस. कोनी असं सोता सोताले म्हनस का? तिना बापबी असा नही करता. पन मी हाई नही माननार, भाऊ. त्यासले पोहता येत व्हतं. तापीना पूरमा पोहनारा मानूस, कंबरभर पानीमा मरस?"

तो तिला समुद्राचं पाणी समजावायला लागला. ते उतरतं आणि चढतं, दिवसातून दोनदा, पाऊस नसला तरी चढतं, बाजूने येतं, गाळातून पाय निघत नाही. बोलता बोलता त्याचं त्यालाच ते बनवल्यासारखं वाटायला लागलं. तापीकाठच्या बाईला हे कुणी सांगितलं असतं तर तिने का मानावं? त्यांनी तरी कुठे मानलं असतं? बारा वर्षांपूर्वी ते खोटं एका दमात, अंगावरचं मीठ झडायच्या आत खरं ठरलं होतं. आणि हे खरं, जे त्याने पोटात ठेवून ठेवून नासवलं होतं, ते आता कुणीही घ्यायला तयार नव्हतं. त्याला कळलं की आपण उशीर केला आहे असंही नाही. उशीर झालेल्या गोष्टीला निदान कधीतरी वेळ असते, पण या गोष्टीची वेळ त्याने स्वतःच शपथ घेऊन बुजवून टाकली होती. तो घाबरला. हिच्याकडून शिक्षा मिळाली नाही तर ती आता कुठूनच मिळणार नव्हती. तो तिच्या पायाशी वाकला, आणि तिने लगबगीने पाय मागे घेतले, कारण भावजयीच्या पायाशी वयाने मोठ्या दिराने वाकणं बरं दिसत नाही.

"रडू नका," ती म्हणाली. "तुमना जीवले किती लागेल शे ते माले माहीत शे. आयका. अमावास्याले आजून नऊ दिन शेत. आपुन दोन्ही सुरत जाऊत. मी गवू तवय माले जागा सापडनी नही, टेसन केवढं मोठं. तुम्ही संगे ऱ्हायनात ते दखाडशात, आठे व्हतात, आठेथीन चुकनात. तठेथीन शोधूत. नही सापडना ते मंग नाना जे म्हनतीन ते करसू. बांगड्या मी मना हातघाई फोडसू. येशात ना?"

अभिमनने दाराकडे पाहिलं. दारातून पांझरेकडचं वारं आत येत होतं, नदीत पाणी नव्हतं, नुसती वाळू उडत होती. त्याला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणून तो परत सगळं पहिल्यापासून सांगू शकत होता, आणि ती परत ऐकून घेणार होती, तशीच मायेने. तो म्हणाला, "येसू."

तिचा चेहरा खुलला. बारा वर्षांत तो तसा त्याने पाहिला नव्हता. मंगळवारच्या गाडीने जाऊ, सुनंदाला शेजारच्या सुंदरबाईकडे ठेवू, भाकरी बांधून घेऊ, तिथलं महाग पडतं, असं ती बोलत राहिली. मग मध्येच पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. इतक्या वर्षांची बाई, पण लाजली.

"भाऊ, एक इचारू? मी त्यासले वळखसू ना? आते कशा दिसत व्हतीन त्या? केस पिकना व्हतीन का?"

त्याने तोंड उघडलं. त्याला वाटलं आता तरी काही वेगळं येईल.

"पिकना व्हतीन," तो म्हणाला. "कानजवळ. मनासारखाच."

ती पुढे सरकली, चष्मा लावला, आणि त्याचं तोंड उजेडाकडे वळवायला सांगून त्याच्या कानशिलावरचे केस नीट, बराच वेळ बघत राहिली.